साडेदहा तास

नोव्हेंबर लागला की एका रविवारी
मी स्टुलावर चढतो
आणि पद्मजाच्या घड्याळाचा काटा तासभर मागं घेतो.
हॉलमध्ये दोन घड्याळं आहेत,
एक आमचं, लग्नात आलेलं,
एक तिचं, महाद्वार रोडवर घेतलेलं, ओहायोची वेळ दाखवणारं.
तिकडच्या सरकारनं सांगितलं की काटा मागं,
मार्चमध्ये सांगितलं की पुढं.
इथल्या महापालिकेचं आम्ही कचऱ्याचं वेळापत्रकसुद्धा पाळत नाही.

सुनंदा स्टूल धरून उभी असते.
विचारते,
म्हणजे आता तिला तासभर जास्ती झोप मिळणार का?

एकतीस वर्षं झाली, मी उद्यमनगरात
फौंड्रीच्या तपासणीला आहे.
हातात व्हर्निअर, समोर बेअरिंगचं हाउसिंग,
मिलिमीटरचा पन्नासावा भाग इकडंतिकडं झाला
तर खडूनं फुली.
पेटीवर पत्ता रंगवताना स्टेन्सिल मीच धरायचो,
ओ, एच, आय, ओ.
पोरगी तिथंच निघाली तेव्हा वाटलं,
चला, रस्ता ओळखीचा आहे.

यंदा पेट्या आवारात उभ्या आहेत.
टॅरिफ हा शब्द आधी पेपरात होता,
मग मगदूम मालकांच्या तोंडात,
मग चहावाल्या बंडूच्या,
आता गुरुवारी-शुक्रवारी सुनंदाला
माझा डबा भरावा लागत नाही.

आमचा सम्मेद त्या माणसाची भाषणं मोबाईलवर बघायचा.
गडी खमक्या हाय, म्हणायचा, असाच पायजे.
मी गप्प.
दूध संघाच्या निवडणुकीत
ठरावधारकांना बसमध्ये घालून सहलीला नेणारेही खमकेच होते,
माणसं आठ दिवस गायब
आणि मतदानादिवशी सगळी एका रंगाच्या टोप्या घालून हजर.
आम्ही गॅलरीतून बघितलं होतं
आणि पोट धरून हसलो होतो.

एका रविवारी पद्मजा फोनवर म्हणाली,
दादा, माझ्यासमोर त्याचं कौतुक नको.
सम्मेद म्हणाला, तुला काय होतंय, तू कायद्यानं गेलीयस.
ती म्हणाली, कागदांची फाईल दाराजवळ ठेवलीय मी,
चपलांच्या शेजारी.
सुनंदा म्हणाली, पोराचा पडलेला दात दाखव बघू.

मे महिन्यात यायचं होतं तिला. आली नाही.
परत घरी जाता आलं नाही तर, म्हणाली.
घरी म्हणजे कुठं,
हे मी विचारलं नाही.

निहार सहा वर्षांचा.
त्या घरात पक्का पासपोर्ट त्याचा एकट्याचा.
त्यांच्या वर्गात निवडणूक झाली,
कासव पाळायचं की ससा.
आजोबा, मी कासवाकडून होतो.
मग?
हरलो.
मग काय केलंस?
टाळ्या वाजवल्या. टीचर म्हणाल्या, हरलेल्यांनी पण वाजवायच्या.
मला आधी हसू आलं.
मग सम्मेदकडं बघितलं, तो पायाच्या अंगठ्याकडं बघत होता.
त्याच्या सीएनसी मशीनवर
तीन आठवडे कापड टाकलेलं होतं.

काल राजारामपुरीत कुरिअरला गेलो.
भडंग, कांदा-लसूण चटणी, निहारचा स्वेटर.
काऊंटरवरचा पोरगा म्हणाला,
काकू, आता प्रत्येक वस्तूची किंमत लिहावी लागते, भेट असली तरी.
लोकर साडेतीनशेची, सुनंदा म्हणाली.
आणि विणणावळ?
तिनं माझ्याकडं बघितलं.
मी खिशात हात घातला, उगाच,
सवयीनं, जिथं व्हर्निअर असतं तिथं.

शेवटी त्या पोरानंच काहीतरी आकडा टाकला.
बाहेर आलो तेव्हा साडेबारा वाजले होते,
ऊन चांगलं तापलेलं.
म्हणजे तिकडं दोन, सुनंदा म्हणाली.
झोपली असंल.